रसनेची परीक्षा आणि रसिकाचा अधिकार

ज्या पेयाचे नाव ऐकताच आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडेल, त्या पेयाच्या परीक्षकांविषयी आम्ही आज लिहीत आहोत. बीअरचा पुरस्कार करावा हा या लेखाचा हेतू नाही; तिचा निषेध करावा हाही नाही. आमचे बडोद्याचे वाचक तर १९६० साली गुजरात राज्य अस्तित्वात आले तेव्हापासून दारूबंदीच्या छायेत नांदत आहेत, आणि गोव्यातील पुष्कळ घरांत देवकार्याच्या दिवशी या विषयाचा उच्चारही होत नाही. परंतु ज्या गोष्टीचा आम्ही विचार करणार आहोत ती पेय नव्हे, परीक्षा आहे. अमेरिकेत गेली चाळीस वर्षे एक संस्था माणसाच्या जिभेची आणि नाकाची रीतसर परीक्षा घेऊन त्याला परीक्षकपणाचे प्रमाणपत्र देत आली आहे. रसास्वाद घेण्याची पात्रता प्रश्नपत्रिकेने ठरविता येते काय? आणि आली, तर त्यात रसिकाचे काय होते? भजनस्पर्धा, नाट्यस्पर्धा आणि संगीताच्या परीक्षा यांत ज्यांचे अर्धे आयुष्य गेले त्या आमच्या वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये.

प्रथम थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. अमेरिकेतील दारूबंदी १९३३ साली उठली. त्यानंतर घरच्या घरी द्राक्षासव करण्यास मोकळीक मिळाली, पण घरी बीअर करणे मात्र केंद्रीय कायद्याने निषिद्धच राहिले. ही विसंगती दूर करणाऱ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरात सही केली आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून ते अमलात आले. एका प्रौढ माणसास वर्षाला १०० गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढ असलेल्या घरास २०० गॅलन, तेही विक्रीसाठी नव्हे, अशी मर्यादा त्यात घातलेली होती. राज्यांचे कायदे निराळे असल्यामुळे मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांत ही मोकळीक पोचण्यास २०१३ साल उजाडले. १९७८ सालीच कोलोराडोतील बोल्डर या गावी चार्ली पपेझियन आणि चार्ली मॅटझेन यांनी घरगुती बीअर करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली, आणि १९७९ पासून तिची स्पर्धा भरू लागली.

स्पर्धा आली म्हणजे परीक्षक आला, आणि परीक्षक आला म्हणजे तक्रारही आली. कोणी कशाच्या आधारे गुण दिले, हा प्रश्न अटळ होता. त्यास उत्तर म्हणून १९८५ साली ही संघटना आणि घरगुती आसवांच्या साहित्याची एक व्यापारी संघटना या दोघींनी मिळून बीअरच्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी योजना सुरू केली. इंग्रजीत तिचा उल्लेख 'बीजेसीपी' या आद्याक्षरांनी होतो. १९९५ साली दोन्ही आश्रयदात्या संस्थांनी अंग काढून घेतले. तेव्हा परीक्षकांनी ती स्वतःच चालविण्यास घेतली, आणि आजही ती सभासदांच्या स्वयंसेवेवरच चालते. आश्रय गेल्यावर संस्था बुडावी हा सर्वसामान्य अनुभव. येथे आश्रय गेल्यावर ती अधिक स्वतंत्र झाली, ही गोष्ट नोंद करून ठेवण्यासारखी आहे.

आता परीक्षेचे स्वरूप पाहू. प्रारंभी ती तीन तासांची एकच परीक्षा होती. तिच्यातील ७० टक्के गुण निबंधवजा उत्तरांना आणि ३० टक्के गुण प्रत्यक्ष आस्वादाला असत. म्हणजे जिभेच्या परीक्षेत लेखणीचा वाटा दुपटीहून अधिक होता! २०१२ साली ही रचना पालटण्यात आली. प्रथम एक झटपट प्रवेशपरीक्षा ठेवण्यात आली, तिच्यात एका तासात इतके प्रश्न की प्रत्येकास अर्धे मिनिटही मिळू नये. ती उत्तीर्ण होणाऱ्यास आस्वादपरीक्षा. आस्वादपरीक्षेत नव्वद मिनिटांत सहा बीअर समोर येतात. प्रत्येकीसाठी पंधरा मिनिटे, आणि तेवढ्यात एक भरगच्च गुणपत्रक लिहून पुरे करावयाचे. निबंधाची लेखी परीक्षा वरच्या श्रेणीची आकांक्षा धरणाऱ्यांपुरती उरली. साठ गुणांपासून श्रेणी सुरू होते. सत्तर, ऐंशी आणि नव्वद या पायऱ्यांनी ती चढत जाते. परंतु केवळ गुणांनी कोणी वर जात नाही. सत्तरच्या श्रेणीस अनुभवाचे पाच, ऐंशीच्या श्रेणीस वीस आणि नव्वदच्या श्रेणीस चाळीस अंक लागतात, आणि ते प्रामुख्याने स्पर्धांतून विनावेतन परीक्षण करूनच मिळवावे लागतात. विद्या आणि सेवा यांची ही सांगड आमच्या जुन्या गुरुकुलांना मान्य झाली असती.

उमेदवाराच्या गुणपत्रकाची तपासणी पाच अंगांनी होते: गुण किती अचूक दिले, जाणवले काय, जाणवलेले शब्दांत कसे उतरविले, बीअर करणाऱ्यास उपयोगी पडेल असा सल्ला दिला की नाही, आणि पत्रक पूर्ण भरले की नाही. पाचही अंगांना सारखेच महत्त्व. स्पर्धेतील गुणपत्रक पन्नास गुणांचे असते. त्यात गंधाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडात जाणवणाऱ्या घट्टपणा-पातळपणाला पाच, आणि एकंदर परिणामाला दहा. गंध प्रथम लिहावयाचा, कारण तो उडून जातो; रूपाला अवघे तीन गुण, कारण डोळा फसवतो. या साध्या मांडणीत रसनेच्या शास्त्राचा बराच विचार सामावलेला आहे.

स्पर्धेची रीतही विचारपूर्वक आखलेली आहे. बाटलीवर कर्त्याचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. वाढण्याचे काम करणारा साहाय्यक निराळा आणि परीक्षक निराळा. ज्या विभागात परीक्षकाची स्वतःची बाटली आहे, त्या विभागात त्याने बसावयाचे नाही. परीक्षक जोडीने बसतात, पण आपापले पत्रक मुकाट्याने भरतात. मग दोघे बोलतात, गुणांत फार तफावत असल्यास एकमेकांची बाजू ऐकून ती कमी करतात. आणि शेवटी प्रत्येक स्पर्धकाच्या हाती त्याची पत्रके पडतात, मग तो पहिला आलेला असो वा शेवटचा.

आमच्या मते या सर्व व्यवस्थेचे खरे मोल या शेवटच्या गोष्टीत आहे. आमच्याकडील कित्येक स्पर्धांत काय घडते? रात्री उशिरा निकाल वाचून दाखवितात, करंडक दिला जातो, हारतुरे होतात. दूरच्या गावाहून स्वखर्चाने आलेले पथक हात हलवीत परत जाते, आणि आपला अभंग कोठे उणा पडला हे त्याला कोणी सांगत नाही. पखवाज चढा होता की चाल उसनी होती, की परीक्षकालाच झोप आली होती? तिकडे एका बाटलीसाठी दोन माणसे पानभर लिहितात आणि त्यात पुढच्या वेळी काय सुधारावे तेही सांगतात; इकडे वर्षभराच्या तालमीला एका वाक्याचीही पावती मिळत नाही. ज्या परीक्षकाला कारण लिहावे लागते, तो मनमानी करण्यास कचरतो. आणि ज्याला कारण वाचावयास मिळते, तो हरला तरी शिकतो.

परीक्षकाची पात्रता ही कल्पना मात्र आम्हांला पश्चिमेकडून उसनी घ्यावी लागत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यप्रयोगाच्या सिद्धीचा एक स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात प्राश्निकांचा, म्हणजे परीक्षकांचा, तपशिलाने विचार केलेला आहे. यज्ञविधी जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, अस्त्रविद्या जाणणारा, चित्रकार, गणिका, गायक, राजसेवक अशी तेथील यादी आहे, आणि ज्याचा जो विषय त्यात त्याचा शब्द प्रमाण. दोषांची नोंद करण्याची आणि विजयी पथकास पताका देण्याची तजवीजही तेथे आहे. भरताने एकाच माणसाला सर्वज्ञ मानले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील योजना याच्या उलट जाते. एकाच माणसाने शंभराहून अधिक प्रकारांच्या बीअर ओळखाव्या, त्यांचा इतिहास सांगावा, त्यांची कृती जाणावी आणि त्यांतील दोषाचे मूळही दाखवावे, अशी तिची अपेक्षा आहे. यामुळे परीक्षक बहुश्रुत होतो यात शंका नाही. पण बहुश्रुत माणूस आणि एखाद्या प्रकारात मुरलेला माणूस यांत अंतर आहे. बव्हेरियातील गव्हाच्या बीअरवर जन्म काढलेल्या वृद्धाला कदाचित या परीक्षेत साठ गुणही पडणार नाहीत.

येथून आमच्या आक्षेपांना सुरुवात होते. पहिला आक्षेप अचूकतेच्या व्याख्येवर आहे. आस्वादपरीक्षेत उमेदवाराचे गुण अचूक आहेत की नाहीत हे कशावरून ठरते? त्याच वेळी, त्याच सहा बीअर वरच्या श्रेणीचे परीक्षक नावे न कळता चाखतात आणि एकमताने गुण देतात. उमेदवार त्या गुणांच्या जितका जवळ, तितका तो अचूक. दुसरा मार्ग नाही हे आम्ही जाणतो, कारण आस्वादाला तराजू नाही. तरीही याचा परिणाम काय होतो ते पाहिले पाहिजे. आज जो उमेदवार मान्यवरांच्या मताशी जुळला तो उद्या मान्यवर होतो, आणि परवाचा उमेदवार त्याच्याशी जुळावा लागतो. परंपरा अशीच टिकते हे खरे. पण परंपरेतील चूकही अशीच टिकते. घराण्याची गायकी शिकताना शिष्याने गुरूची हुबेहूब नक्कल करावी हा पहिला टप्पा झाला. नक्कल उत्तम साधली म्हणून त्याला कोणी गवई म्हणत नाही.

दुसरा आक्षेप प्रकारांच्या व्याख्यांवर आहे. बीअरचे प्रकार पाडून त्यांची लक्षणे सांगण्याची आधुनिक पद्धत इंग्रज लेखक मायकेल जॅक्सन यांच्या १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक बीअरविषयक ग्रंथापासून रूढ झाली. जॅक्सन हे प्रवासी होते. गावोगावी जे पाहिले त्याला त्यांनी नावे दिली. परीक्षकांच्या संस्थेने पुढे त्या वर्णनांचे तपशीलवार पुस्तक केले आणि वेळोवेळी ते सुधारले. २०१५ आणि २०२१ च्या आवृत्त्या त्यांतील अलीकडच्या. ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, काटेकोर मोजमापे नव्हेत, असे त्या पुस्तकातच बजावलेले आहे. परंतु परीक्षेच्या टेबलापाशी वर्णनाचा नियम होण्यास वेळ लागत नाही. व्याकरणकाराने लोकांची बोली ऐकून सूत्र लिहावे, आणि पंतोजीने ते सूत्र पुढे करून लोकांच्या बोलीला अशुद्ध ठरवावे, असा हा प्रकार. कोकणी आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या आमच्या वाचकांना या अन्यायाची चव नव्याने सांगावयास नको.

दोष म्हणजे काय, हे पाहिले असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. डायॲसिटिल नावाच्या द्रव्याने बीअरला लोण्याचा वास येतो. बहुतेक प्रकारांत हा मोठा दोष मानतात. बोहेमियाच्या फिकट बीअरमध्ये तो किंचित असल्यास चालतो. आणि विरजण लावून घुसळलेल्या आपल्या लोण्याचा जो सुवास, ज्याच्यासाठी यशोदेच्या घरी चोरी होत असे, तोही बऱ्याच अंशी याच द्रव्याचा! बव्हेरियाच्या गव्हाच्या बीअरला लवंगेचा आणि पिकल्या केळ्याचा वास यावा लागतो. तोच वास एखाद्या स्वच्छ, फिकट लागरला आला तर गुण कापले जातात. यावरून एवढे दिसते की दोष हा द्रव्यात नसतो, संदर्भात असतो. औचित्याचा हाच विचार क्षेमेंद्राने काव्याच्या बाबतीत मांडला होता: मेखला गळ्यात घातली तर ती अलंकार राहत नाही. म्हणून प्रकारांच्या व्याख्या मुळीच नसाव्यात असे आम्ही म्हणणार नाही. व्याख्या नसेल तर औचित्यही ठरणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की व्याख्येबाहेरचे चांगले ओळखण्याचीही परीक्षा असावी.

या बाबतीत संस्थेच्या पदरी पुण्यही आहे, आणि ते सांगितलेच पाहिजे. पोलंडमधील ग्रोझिस्क या गावची धुरावलेल्या गव्हाची बीअर शतकानुशतके प्रसिद्ध होती. १९९३ साली तेथील भट्टी बंद पडली. ती बीअर पुन्हा उभी करण्यात पोलंडच्या घरगुती बीअर करणाऱ्यांचा मोठा वाटा आहे, आणि २०१५ च्या पुस्तकात तिला ऐतिहासिक प्रकारांत स्थान मिळाले. ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यातील आंबट, फळांची बीअरही पुढे स्थानिक प्रकार म्हणून नोंदली गेली. ग्रंथात नोंद झाली म्हणजे दूरदेशीचा माणूसही ती करून पाहतो. मेलेली चव अशी जिवंत होऊ शकते. लोकगीतांच्या बाबतीत संग्राहकांनी जे केले त्याच जातीचे हे काम आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत मूलगामी आहे: मुळात मानवी रसना विश्वासार्ह आहे काय? फ्रान्समध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चोपन्न विद्यार्थ्यांना पांढऱ्या द्राक्षासवात बेचव लाल रंग मिसळून दिला. त्यांनी तांबड्या आसवाला शोभणारी विशेषणे वापरली. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातील एका मोठ्या स्पर्धेत अनुभवी परीक्षकांसमोर एकाच बाटलीतील आसव नकळत तीनदा ठेवले. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पातळीवर गुण देणारे परीक्षक दहांत जेमतेम एक निघाले. त्यांचा हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. हे प्रयोग द्राक्षासवाचे होते, परंतु जीभ तीच आहे. यावरून कित्येकजण असा निष्कर्ष काढतात की परीक्षा, प्रमाणपत्र, पदके हे सारे थोतांड आहे.

आम्हांला तो निष्कर्ष उतावीळपणाचा वाटतो. जिभेची चंचलता सिद्ध झाली म्हणून तिला शिस्त लावणे व्यर्थ ठरत नाही. उलट शिस्तीची गरजच सिद्ध होते. नाव झाकणे, जोडीने बसणे, वेगवेगळे लिहून मग बोलणे, कारण नोंदविणे, हे सर्व उपाय चंचल जिभेला आवर घालण्यासाठीच आहेत. न्यायाधीशही माणूसच असतो; म्हणून तर त्याला कारणांसह निकाल लिहावा लागतो. मात्र त्या प्रयोगांतून एक नम्रता घेतली पाहिजे. अडतीस गुणांची बाटली छत्तीस गुणांच्या बाटलीहून निश्चित श्रेष्ठ आहे, असे मानणे भोळेपणाचे आहे. गुण हे संभाषणाचे निमित्त. खरा ऐवज त्यांच्याखाली लिहिलेल्या ओळींत असतो.

आणि या ओळींसाठी भाषा लागते. १९७० च्या दशकात मॉर्टेन मिलगार्ड यांनी बीअरच्या गंध-चवींचे एक चक्र तयार केले, ज्यात प्रत्येक जाणिवेला ठराविक शब्द नेमून दिला. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बाटली शिळी झाली. शिजवलेल्या मक्याचा वास म्हणजे उकळीत कसर राहिली. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे आंबणे पुरे झाले नाही. शब्द मिळाला की कारण सापडते, कारण सापडले की उपाय सुचतो. आमच्या भाषेत या बाबतीत दारिद्र्य नाही. तुरट, कडवट, करपट, धुरकट, मातकट, ओशट, खवट, कुबट, आंबूस, सपक, मिळमिळीत, मचूळ, खमंग अशी किती नावे घ्यावीत! आमच्या आज्यांनी स्वयंपाकघरात ही शब्दसंपत्ती पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. पण कोणत्या शब्दाचा नेमका कोणता वास, आणि तो कशाने येतो, हे कोणी लिहून ठेवले नाही. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. तिची पारख आजही जाणत्यांच्या नाकात आहे. ती त्यांच्याबरोबर जाऊ नये असे वाटत असेल, तर तिलाही असे शब्दांचे चक्र लागेल. हेच आमच्या लोणच्यांना, पापडांना, तुपाला आणि देवळातील नैवेद्याच्या पंचखाद्यालाही लागू आहे.

शेवटी त्या एकंदर परिणामाच्या दहा गुणांकडे वळू. पन्नासपैकी चाळीस गुण विश्लेषणाचे आहेत. त्यांचे शिक्षण देता येते, त्यांची परीक्षा घेता येते. उरलेले दहा मात्र या प्रश्नाचे आहेत की सारे काही ओळखून झाल्यावर मनाला आनंद झाला की नाही. अभिनवगुप्ताने ज्याला सहृदय म्हटले तो या दहा गुणांत राहतो. संस्थेने हे दहा गुण ठेवले यात तिचे शहाणपण आहे, आणि ते पन्नास केले नाहीत यातही आहे. केवळ आनंदावर निकाल दिला तर लहर राज्य करील. केवळ विश्लेषणावर दिला तर जिच्यात एकही दोष नाही आणि एकही गुण नाही अशी बाटली पहिली येईल. भजनाच्या स्पर्धेतही बेसूर न होणारे, ताल न चुकणारे आणि कोणाच्याही डोळ्यांत पाणी न आणणारे पथक पहिले येते, तेव्हा हेच घडलेले असते.

आमच्या स्पर्धाचालकांना म्हणूनच आमची विनंती आहे. पेय त्यांनी तिकडेच राहू द्यावे. पत्रक तेवढे घ्यावे. प्रत्येक पथकासाठी एक कागद, त्यावर सूर, ताल, शब्दोच्चार, चाल आणि एकंदर परिणाम यांचे वेगवेगळे गुण, त्याखाली चार ओळी कारणांच्या, दोन ओळी सल्ल्याच्या, आणि परीक्षकाची सही. ज्या परीक्षकाचा शिष्य वा नातेवाईक स्पर्धेत असेल त्याने त्या वर्षी खुर्ची सोडावी. याला खर्च येत नाही. फक्त परीक्षकाला जागे राहावे लागते. असे झाले तर मध्यरात्री रिकाम्या हाताने परतणाऱ्या पथकाच्या खिशात निदान एक कागद असेल, आणि पुढच्या वर्षीची तालीम त्याच कागदापासून सुरू करता येईल.